एम.आर्क.साठी एक कांदाचाळ

५ जानेवारी, सकाळी ७.१०
निर्णय झाला. एम.आर्क. करायचं. तेही कुठेही नाही, त्याच कॉलेजात, जिथे देशभरातून फक्त अठरा जण घेतात. उरलेले सतरा कोण असतील याची उत्सुकता आहे.
नाशकात नुसतं बी.आर्क. होऊन उपयोग नाही. इथे आर्किटेक्ट म्हणजे महापालिकेतून नकाशा पास करून आणणारा माणूस. लोक त्याला 'प्लॅनवाले' म्हणतात आणि तोही ओ देतो. मी सात वर्षं काय प्लॅनवाला व्हायला शिकलो? (कोर्स पाचच वर्षांचा असतो, पण घाईघाईत शिकलेलं टिकत नाही.) खऱ्या प्रोफेशनचा दरवाजा एम.आर्क.नंतरच उघडतो.
संकल्प: साडेपाचला उठणे. रोज एक स्केच. आर्किटेक्ट लोकांच्या कौन्सिलकडे नाव नोंदवण्याचा फॉर्म भरणे, तो तीन वर्षं राहिलाय.

६ जानेवारी
८.४० ला उठलो. या थंडीत साडेपाचला फक्त दूधवाले उठतात. स्केच नाही. फॉर्मचंही ठरवलं, दोन्ही पदव्या हातात आल्या की एकदमच भरू. पुन्हा पुन्हा लायनीत कोण उभं राहणार.
ऑफिस इंदिरानगरला, खाली पिठाची गिरणी. मोहिनी मॅडम म्हणजे आमच्या बॉस, पंचवीस वर्षं आर्किटेक्ट आहेत आणि अजून क्लायंटच्या बायकोला विचारतात, ओटा किती उंच हवा. आज मला एका रो-हाऊसच्या संडासाच्या पाइपांचा डक्ट काढायला दिला. मी मान खाली घालून काढला. मोठ्या माणसांच्या चरित्रात असं एक प्रकरण असतंच.

१२ जानेवारी, दुपारी ३
कॉलेजच्या वेबसाइटवर पोर्टफोलिओचे नियम आले. किमान एक प्रत्यक्ष बांधलेलं काम पाहिजे. काय हा कोतेपणा! विचार बांधलेला चालत नाही का?
ऑफिसातली निकिता पण अर्ज करतेय म्हणे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर. साइटवर गेली की मिस्त्र्यांत जाऊन बसते, त्यांच्याच ग्लासात चहा पिते, वहीत काहीबाही लिहून घेते. मला म्हणाली, गोरक्षदादा, आपण एकत्र तयारी करू या का? मी हसलो. तिला मनापासून शुभेच्छा दिल्या. मुलगी कष्टाळू आहे, पण कष्टाच्या पुढे काही जाणार नाही.

१९ जानेवारी, सायखेडा
देव आहे. गेल्या वादळात पुंजामामाची कांदाचाळ पडली. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघायच्या आत नवी बांधायचीय. मी म्हणालो, मामा, मी करतो डिझाइन. मामा म्हणे, चाळीला काय डिजाईन लागतंय बाबा, बांबू अन् पत्रे. मी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाला, तू शिकला हाय, तू म्हनशील तसं. दहावीपर्यंत याच घरात वाढलो, त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना थोडीफार जाण आहे.
लंकामामी म्हणाली, उन्हाळ्यात तू त्या जुन्या चाळीत कांद्यावर पोतं टाकून झोपायचा, गार लागतंय म्हनायचा, उठवलं तर रडायचा. असल्या आठवणी पोर्टफोलिओत कामाच्या नसतात.
अर्जासोबतच्या निबंधाचं पहिलं वाक्य सुचलं: 'लहानपणापासून मला अवकाशाची ओढ होती.'

३ फेब्रुवारी
डिझाइन तयार. नाव 'द अनियन पॅव्हिलियन'. तीन मुद्दे:
पश्चिमेला सलग विटांची भिंत. पश्चिमेचं ऊन अडवायचं, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात.
जुनी चाळ दोन फूट वर उचललेली असायची, खालून कुत्री जायची. ही जमिनीवर. गुळगुळीत कोबा. इमारतीचं मातीशी नातं पाहिजे.
मधोमध रिकामी जागा, एक बाक. चिंतनासाठी.
मामाला लॅपटॉपवर थ्री-डी दाखवलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, लय भारी. मग म्हणाला, कांदे कुठं टाकायचे? मी दाखवलं. म्हणाला, बरं.

९ फेब्रुवारी
भिकन मिस्त्री भेटला. मामाची पडलेली चाळ यानेच बांधली होती. सहावी पास. ड्रॉइंग उलटं धरलं. मी सुलटं करून दिलं तर म्हणाला, साहेब, मी तुमच्या बाजूनं धरलं होतं, तुम्हाला दिसावं म्हून. उर्मट.
मग सुरू झाला. पश्चिम बांधू नका, कांदा कोंडल. खालून हवा पाहिजे, निदान मांजर जाईल एवढी तरी ठेवा. कांदा जिता असतो, त्याला श्वास लागतो. मी शांतपणे सांगितलं की थर्मल मास नावाची एक गोष्ट असते. गप्प बसला. ज्ञानापुढे माणूस गप्पच बसतो.
स्केच: एकूण दोन. त्यातलं एक मामीच्या शेळीचं आहे.

२ मार्च
काम जोरात. गावातले लोक बघायला येतात. कुणी विचारतो, येष्टीचा थांबा हे का? कुणी म्हणतो, पुंजाभाऊंनी दशक्रियेची शेड काढली वाटतं. कृषी खात्याचा माणूस अनुदानासाठी पाहणी करायला आला, चाळीभोवती दोन चकरा मारल्या आणि पाणी पिऊन गेला. त्याच्याकडच्या छापील नकाशात बाक नव्हता. छापील नकाशांनी या देशाचं वाटोळं केलंय.
भिकन मिस्त्रीने भिंतीत गुपचूप चार भोकं ठेवली होती. मी उभं राहून बुजवून घेतली. मामा तिथेच होता. भिकनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, त्याचं ऐक भिकन, त्यानं शिक्षण घेतलंय.

२३ मार्च, सकाळी ११
चाळ पूर्ण. अप्रतिम. भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली, दोन फूट बाय एक फूट. 'संकल्पना व रचना: आर्किटेक्ट गोरक्ष'. चांगल्या दुकानातला दगड आहे, दीड इंच जाड.
फोटो निकिताला दाखवला. म्हणाली, दादा, नोंदणी नसताना नावामागे आर्किटेक्ट लावता येत नाही ना? म्हटलं, सायखेड्याला कौन्सिल येणार नाही. माणसं इतकं सुंदर काम बघतात आणि त्यांना काय दिसतं, तर नियम. मग तिने विचारलं, यात कांदे किती दिवस टिकतात? पुन्हा तेच!

१८ एप्रिल
कांदा भरायला सुरुवात झाली. बरं झालं फोटो आधीच काढले. कांद्यांनी सगळी कॉम्पोझिशन बिघडली. चिंतनाच्या बाकावरही मामीने गोण्या रचल्यात. बोललो तर म्हणाली, चिंतन आम्ही दिवाळीला करू, आधी भाव येऊ दे.
वर्षाचा सगळा कांदा आत आहे. मामा दर कोपऱ्याला हात लावून फिरत होता. म्हणाला, यंदा घाई नाय, पोळ्यापर्यंत दम धरायचा, तुझ्या चाळीच्या भरवशावर. मला भरून आलं. क्लायंटचा विश्वास हीच कमाई.

११ मे
पोर्टफोलिओ पाठवला. बत्तीस पानं, त्यातली सव्वीस चाळीची. निबंधाचं पहिलं वाक्य पक्कं झालं. बाकीची वाक्यंही नंतर झाली, पण ती पहिल्याच्या तोडीची नाहीत.

२९ मे, दुपारी १
इंटरव्ह्यूला निवड झाली! २४ जून, ऑनलाइन. निकिताचीही झाली. निवड समितीत कुणीतरी दयाळू दिसतंय.
मामाचा फोन आला होता. चाळीत वास येतोय म्हणे. म्हटलं, कांद्याला कांद्याचा वास येणारच. मामा म्हणाला, तसा नाय. मी घाईत होतो.

६ जून
पुन्हा मामा. खालचा थर ओला झालाय, भिंतीकडचे कांदे कोंब काढतायत. येऊन बघतो का? माझा इंटरव्ह्यू अठरा दिवसांवर. नीट समजावलं की नव्या इमारतीला सेट व्हायला वेळ लागतो. मामा म्हणाला, तुझं बरोबर असंल. मग फोनवर मामी आली, काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. नेटवर्क खराब असावं.

१४ जून
धक्का. भिकन मिस्त्रीने माझी पश्चिमेची भिंत पाडली! मामाने सांगितलं, तेही असं की जसं काही खिडकी उघडली. आता कांदे बाहेर काढून कोबा झाकतायत आणि दोन फूट वर बांबूचा तळ करतायत. फोनवर मी मामाला नको ते बोललो. कलाकृतीची किंमत, अडाणीपणा, भिकनची लायकी, सगळं. मामा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, रागावू नको बाबा, कांदा थांबंना.
गेलो नाही. असली विटंबना बघवणार नाही. निकिताने पत्ता मागितला, म्हणाली, रविवारी बघून येऊ का? दिला. कुणीतरी शोकसभेला गेलेलं बरं.

२४ जून, सकाळी ११.४५
इंटरव्ह्यू उत्तम झाला. समितीत तीन जण होते. एक बाई फक्त फोटो पुढे-मागे करत होत्या, यावरून काम किती आवडलं ते कळतं. प्रश्न दोनच विचारले. पहिला, मे महिन्यात सायखेड्यात वारा कुठून येतो? मी म्हणालो, मॅडम, माझ्या डिझाइनमध्ये वारा ही एक भावना आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठून? मी म्हणालो, सगळीकडून.
दुसरा प्रश्न, कांदे कसे आहेत?
मी हसलो. म्हणालो, फोटोत कांदे मुद्दाम नाहीत. बाईंनी फोटो बंद केले. एवढ्या खोल उत्तराची त्यांना सवय नसावी. वीस मिनिटांची वेळ होती, सात मिनिटांत संपलं. ज्यांचं आधीच ठरलेलं असतं त्यांना जास्त विचारत नाहीत.

५ जुलै, दुपारी ४
यादी लागली. अठरा नावं. निकिताचं सातवं.
माझं नाही. प्रतीक्षायादीतही नाही. दोनदा पाहिली, मग आडनावाने शोधलं, मग मामाच्या आडनावाने.
मोहिनी मॅडमनी ऑफिसात पेढे वाटले. निकिताच्या पोर्टफोलिओचं शेवटचं काम सगळ्यांना दाखवलं. दोन ड्रॉइंग शेजारी शेजारी: एक बंद कांदाचाळ आणि तीच उघडल्यानंतर. बाण काढून वारा दाखवलाय. खाली भिकन मिस्त्रीने सांगितलेलं शब्द न् शब्द, त्याचं पूर्ण नाव टाकून. मामीने कोणता कांदा कुठे सडला ते सांगितलं, त्याचाही तक्ता. रविवारी गेली ती, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. समितीला इंटरव्ह्यूतच दाखवलं म्हणे.
आणि माझं नाव? कुठेच नाही! पहिल्या ड्रॉइंगखाली नुसतं 'एक कांदाचाळ, सायखेडा'. ही सरळ सरळ चोरी आहे. मी सगळ्यांसमोर विचारलं, मूळ डिझाइनरचं नाव का नाही? निकिता लाल झाली. म्हणाली, दादा, मला वाटलं नको. बाकीचे एकदम आपापल्या टेबलाकडे गेले.
संकल्प: उद्या सायखेड्याला जाणे. पाटीचा फोटो काढणे. कायदेशीर पुरावा.

६ जुलै, सायखेडा, दुपारी १२.१५
पुरावा काढायला आलो. भिंत नाही, तर पाटी कुठून असणार. चाळ आता कुठल्याही चाळीसारखी दिसते. वर उचललेली, तिन्हीकडून बांबूच्या पट्ट्या. खालून मांजर गेलं.
बाहेर सडक्या कांद्याचा ढीग, कमरेएवढा. अर्धा कांदा गेला म्हणे. मामाने अर्धा वाचला असं सांगितलं, अर्धा गेला हे मी मोजलं. मामीने पाणी दिलं. मी येणार म्हणून भाकरीसोबत पिठलं केलं होतं, कारण लहानपणी मला आवडायचं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
पाटीचं विचारलं. मामा चुळबुळला. मग मामी म्हणाली, तळ वर गेला, चढाय काही तरी पाहिजे होतं.
चाळीच्या दारात पायरी आहे. दोन फूट बाय एक फूट. नाव खालच्या बाजूला.
मामा म्हणाला, राग मानू नको. येनारा-जानारा इचारायचा, ती भिंतीची चाळ कोनी बांधली? भिकनवर ढकलाय गेलो, तर त्याचं कामच बोलतंय, कोनी मानंना. तुझं नाव वाचून लोक हसाय लागले. मंग मीच भिकनला म्हनलं, दगड उलटा लाव. पोरगं अजून शिकतंय.
तीस पूर्ण झाली मला मार्चमध्ये.
निकिताने नाव का गाळलं, तेही तिथे उभं असताना कळलं. ऑफिसात काय काय बोललो ते आठवलं आणि लाज वाटली. हे लिहिताना खोडायचा मोह होतोय.
दगड चांगला बसलाय. हलत नाही. भिकन मिस्त्रीने थोडा उतार दिलाय, पाणी साचू नये म्हणून. मामी आतून म्हणाली, उभा काय राहिला, ये, सडका एकीकडं टाक अन् चांगला एकीकडं. पायरीवर पाय ठेवून वर चढलो. आत गार होतं. वारा लागत होता. कुठून येतो ते बघायला वळलो.
पश्चिमेकडून.