खिंड कोणाची

शुक्र. ४ ऑक्टो. २००२
भाईजानचा मालेगावहून फोन. यंदा तलवार देवळात जाणार नाही. "अब्बांचं मांडीचं हाड मोडलंय, तेच कारण सांग. झाकून जाईल." मी फोन ठेवल्यावर अब्बा पलंगावरून एवढंच म्हणाले, "तो नाही तर तू."
सेकंड शिफ्टला गेले.

रवि. ६
अब्बांनी रीत सांगितली. लहानपणी लांबून पाहिलेली, पण नीट माहीत नव्हती. खंडेनवमीला संध्याकाळी तलवार गावच्या खिंडीतल्या खिंडाईच्या देवळात द्यायची. रात्रभर तिच्याजवळ. दसऱ्याला सकाळी तिसऱ्या पायरीवरून विचारायचं, "आई, खिंड कोणाची?" आतून गुरव तिच्या वतीने म्हणतो, "माझी. सांभाळायला तू." मग परत मिळते. चौथी पायरी चढायची नाही, हात जोडायचे नाहीत.
आमच्या पहिल्या राजांनी कलमा पढला तेव्हा गावाने घातलेली अट. बादशहाची सनद, जहागीर, सगळं कधीच गेलं. हे तेवढं दरवर्षी मागावं लागतं. एका वर्षी मागितलं नाही तर आम्ही तिथे कुणीच नाही.
विचारलं, राजांनी धर्म मनाने बदलला की भीतीने?
"मी तिथं नव्हतो."

मंगळ. ८
भाईजान स्वतः आला. "दगडाला आई म्हणायचं? आणि आता हिने?"
अब्बा : "पुजत नाही रे. विचारतो."
"फरक काय?"
अब्बांनी चहा मागितला. भाईजान न पिताच गेला.

शनि. १२
योगेशचा फोन. शाळेत माझ्या वर्गात होता, आता देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. "नसीमताई, वातावरण बघताय ना. पलीकडं गुजरातेत काय काय झालं. पोरं गरम हायेत. यंदा राहू द्या."
"कमिटीने तसं लेखी द्यावं."
"लेखी काय! तुम्ही पण ना."
म्हणजे नकार द्यायचाय, सही नको. मग जाणार.
अब्बांनी तलवारीला तेल द्यायला सांगितलं होतं. म्यानातून पहिल्यांदाच काढली. पात्यावर शेंदराचा जाड थर, कडेने गंज. थर ठेवून वर तेल लावण्यात अर्थ नाही. कंपनीतून आणलेल्या थिनरने पुसली, मग तेल. पातं सरळ आहे. बाक दिसायचा तो थराचाच.

सोम. १४, खंडेनवमी
चटईत गुंडाळून नेली. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर कंडक्टर : "काय आहे?" "पडद्याची दांडी." पंचवटीत नाकाबंदी. हवालदार वर चढला. बुरख्यातल्या एका बाईची पिशवी पूर्ण उपसली. माझी ओढणी खांद्यावर. चटईकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाईकडे मला बघवलं नाही.
गावी देवळापुढे नेहमीपेक्षा जास्त माणसं. कपाळाला पट्ट्या बांधलेली पोरं, बरीचशी अनोळखी. तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. गुरवबाबा बाहेर आले. "राजे नाय आले?" "पाय मोडलाय. मी आलेय." त्यांनी दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली, अर्धी उपसली. थांबले.
"शेंदूर कुठंय, पोरी?"
"पुसला. गंज होता."
योगेशने ऐकलं. वळून मोठ्याने, "आईचा शेंदूर पुसून आणलाय!" मागे गलका. कुणीतरी माझी चटई लाथेने उडवली. गुरवबाबा पोरांवर ओरडले, "गंज व्हता म्हणती ना ती! व्हा बाजूला." तलवार घेऊन आत गेले.
रात्री गुरवबाबांनी सांगितलं, मागच्या वर्षीचा शेंदूर तसाच ठेवायचा, त्यावरच नवा चढवायचा. कितीक पिढ्यांचा होता तो. अब्बांनी सांगितलं नाही, कारण कुणी पुसेल हे त्यांच्या मनातच आलं नसणार.

मंगळ. १५, दसरा
गुरवबाबांच्या ओसरीवर झोपले होते. सकाळी देवळाला कुलूप. जुन्या कुलपाखाली दुसरं, नवं. योगेश : "कमिटीची मीटिंग होईल, मग बघू." पायरीवरून विचारलं. आत कुणी नव्हतंच.
रिकाम्या हाताने नाशिकला. अब्बांना सगळं सांगितलं, थिनरसकट. त्यांनी विचारलं, "पातं कसं निघालं?"
"सरळ."
"मी कधीच पाहिलं नाही."

शुक्र. १८
भाईजानचा फोन. आता तोच पेटलाय. "आपली खानदानी तलवार आहे. चोरीची तक्रार देतो."
अब्बांनी फोन मागितला. "पोलिसांत गेलास की ती चोरीची होईल. अजून ती फक्त ठेवलेली आहे." फोन माझ्या हातात परत.
तक्रार दिली तर तलवार कदाचित येईल. नाही दिली तर तिसऱ्या पायरीवरची आमची जागा कदाचित राहील. दोन्ही मिळणार नाही.

मंगळ. २२
रजा काढून गेले. नवं कुलूप गेलेलं, दार उघडं. मीटिंग झाली नाही म्हणे. योगेश मंडपात खुर्चीवर. "परत?" एवढंच म्हणाला. अडवलं नाही.
तिसरी पायरी. "आई, खिंड कोणाची?"
आत समई होती. मग गुरवबाबांचा आवाज, नेहमीसारखा मोठा नाही.
"माझी."
पुढचं वाक्य आलं नाही. मी थांबले. आत ते उभे होते, हातात लांब काहीतरी. योगेश खुर्चीवरून उठून दाराकडे बघत होता, म्हणून थांबले असतील, की तेवढंच म्हणायचं होतं, सांगता येत नाही. शेवटच्या एस.टी.पर्यंत पायरी सोडली नाही.
घरी अब्बांनी विचारलं, खिंडाई काय म्हणाली?
"अर्धं."
त्यांनी डोळे मिटले. मी पुढच्या मंगळवारचा रजेचा अर्ज लिहिला.