खिडक्यांना लावलेला ब्राऊन पेपर

बाबा, दुपारी चाचणीचा बार उडायचा आणि आपल्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बार दूरचा, पोटात उमटणारा. किणकिण मात्र घरातली, बारीक. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "ह्यांचा गोळा फुटला, चला, पानं घ्या." तुम्ही फॅक्टरीत भराईला होतात, म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरायचात, एवढंच आम्हाला ठाऊक. गेटवर काड्यापेटी, किल्ल्या, धातूचं जे असेल ते काढून ठेवावं लागे, म्हणून लग्नातली अंगठी तुम्ही कधी घातलीच नाही. एकदा मी वर्गात ऐटीत सांगून आलो, माझे बाबा बॉम्ब बनवतात. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही हात उगारला नाहीत. जेवता जेवता म्हणालात, "घरी काय शिजतं ते सांगत जा. तिथलं नाही."

लढाई सुरू झाली त्या थंडीत तुम्ही ब्राऊन पेपर घेऊन आलात. आईने पिठाची खळ शिजवली. तुम्ही स्टुलावर उभे आहात, मी खालून कागद देतो आहे, आणि तुम्ही सांगताय, "चीरभरही उजेड बाहेर जायला नको. वरच्या विमानवाल्याला दिसलं नाही की तो निघून जातो." माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. संध्याकाळी त्या झाकलेल्या खोलीत मी शाळेतली कविता म्हणायचो, रणशिंगं आणि घोड्यांच्या टापा असलेली. कवितेच्या तासाला जीव टाकणारा मुलगा मी. आवाज चढवून म्हणायचो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि हळूच विचारलंत, "तिकडच्या शाळेतही एखादं पोर असंच म्हणत असेल, नाही?" मला तुमचा फार राग आला होता. मग तुम्ही आम्हाला अमरावतीला मामाकडे धाडलंत. स्टेशनवर मी विचारलं, "तुम्ही काहून नाही येत?" तुम्ही खाली वाकून म्हणालात, "तू तिकडे असलास की इकडे माझा हात थरथरत नाही." भराईच्या कामात हात थरथरला तर काय होतं, हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आता ऐका. गेल्या आठवड्यात आपल्या जबलपुरात ब्लॅकआउटचा सराव होणार असं कळलं. मी तडक ओमतीच्या बाजारात गेलो आणि ब्राऊन पेपरचे ताव मागितले. दुकानदार म्हणाला, "पोते की किताबें हैं क्या, दादाजी?" म्हटलं, "नहीं भैया, खिड़की के लिए." तो हसला नाही, बिचारा. ताव गुंडाळत म्हणाला, "अब वाला बम खिड़की देख के थोड़ी आएगा." मला काय ते समजत नव्हतं? तरी घरी येऊन खळ शिजवली. गुडघे धरत स्टुलावर चढलो आणि सगळ्या खिडक्या झाकल्या.

तुमच्या गोळ्याला तोफ लागायची, तोफेला माणूस, आणि त्या माणसाला नेम धरावा लागायचा. आता ज्या अण्वस्त्राबद्दल रोज बोलतात ते एक पडलं तर गावच उरत नाही, आणि त्याचं विष पुढे वाऱ्याबरोबर कुठवर जाईल ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे आहे, शेजाऱ्याकडे आहे, डोंगरापलीकडे आहे. ज्यांच्याकडे नाही तेही करून राहिले म्हणतात, बाकीच्यांकडे आहे म्हणून. सगळे सांगतात, वापरायला नाही, नुसतं धाकाला. मी टीव्हीसमोर बसून ऐकतो आणि मला चौथीतल्या पोरासारखं वाटतं. सगळे मोठे बोलताहेत आणि कोणाला विचारावं कळत नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. माझा मुलगा पुण्याला असतो. परवा त्याचा फोन आला, "पप्पा, यादीत जबलपूर आहे. फॅक्टऱ्या आहेत ना तिथे."

"कसली यादी?"

"बॉम्ब आधी कुठे पडतील त्याची. मोबाइलवर फिरून राहिली. तुम्ही इकडे या. मला सुट्टी नाही, नाहीतर न्यायला आलो असतो."

"आणि पुणं नाही का त्यात?"

तो यादी पुन्हा उघडून बघत असावा. "आहे. पण खाली आहे."

मला हसू आलं, त्यालाही आलं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे, म्हणजे तो तिकीट काढेल. नाही म्हटलं तर तो तिकडे जिवाला घोर लावून घेणार. हो म्हटलं तर या घराला कुलूप लावून तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा, आणि नर्मदेला हात जोडताना मनात माहीत असणार की मी यादीत वरून खाली चाललो आहे, बस. सकाळपासून फोन हातात घेतो, ठेवतो. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

थांबा, बेल वाजून राहिली. या वेळी कोणी येत नाही. बघतो.

बाबा, तोच आला आहे. खांद्याला एकच बॅग, डोळे जागरणाने लाल. विचारलं, "न्यायला आलास?" तर म्हणतो, "नाही पप्पा. कुठे न्यायचं तेच समजेना. म्हटलं, चलो, आपणच पप्पांकडे जाऊ." त्याला आल्या पावली परत पाठवायला हवं, हे मला कळतं. तुम्ही पाठवलं असतंत. मी म्हणालो, "चपला आत काढ, बाहेर कुत्रं नेतं." आता तो मोरीत हातपाय धुतो आहे आणि मी चहाचं आधण ठेवून हे लिहितो आहे. हा कागद काही कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून सांगतो. त्याला सांगणार नाही. दारात तो दिसला तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.