मूकपटात मी जे बोलले

मी, हेस्टर क्लेग, राहणार फॉल रिव्हर, धंदा विणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं गिरणीतल्या कापसाने केव्हाच खाल्ली. कुणाचा दाब नाही. दाब टाकायला उरलंय कोण?

कलम एक. किटली शेजारीण मेबल पिकप हिला. किटलीला झाकण नाही, मेबलच्या तोंडालाही नाही, दोघींचं जमेल. पलंग आणि शिवणयंत्र माझ्या शेजारच्या मागावरच्या ल्यूसीला. बाकी किडूकमिडूक मागावरच्या पोरींनी वाटून घ्यावं, भांडू नये.

कलम दोन. गिरणीमालक ऑगस्टस वेल्ड यांना काही नाही. क्षमासुद्धा नाही. माझे वडील यंत्राच्या पट्ट्यात ओढले जाऊन मेले, तेव्हा "तो प्यायला होता" म्हणून यांनी हात झटकले. बाबा दारूला कधी शिवले नव्हते. पुढे यांना मूकपट काढायची हौस आली. त्यात मालकाचं काम स्वतःच केलं आणि मेलेल्या कामगाराची मुलगी म्हणून मला उभं केलं. पडद्यावर अक्षरं यायची होती, "मालक, मी तुम्हाला क्षमा करते." कॅमेरा फिरू लागला आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "खोटारड्या, माझा बाप शुद्धीत होता!" मालक गोड हसत म्हणाले, "तुझ्या आईनंच शपथेवर सांगितलंय, प्यायला होता. डोक्यावरचं गिरणीचं छप्पर जाऊ नये म्हणून. विचार जा तिला." मला वाटलं, थापा मारतोय. शिवाय मूकपटात आवाज उमटतो कुठे?

विणकर असून मी विसरले. मागांच्या खडखडाटात आम्ही जन्मभर एकमेकींचे ओठ वाचूनच बोलतो. थिएटर विणकरांनी भरलेलं. माझं वाक्य वाचून टाळ्या पडल्या. मग मालकाचे ओठ हलले आणि सगळ्या माना आईकडे वळल्या. मेबल ओरडली, "अगं बाई! मार्था, खरं का गं हे?" आईने तोंडावर हात नेला. त्यानंतर ती घरातसुद्धा तोंडावर हात धरूनच बोलायची. मी कधी काही विचारलं नाही.

कलम तीन. दफनभूमीत बाबांच्या शेजारी आम्हा दोघींची जागा राखलेली आहे. आई शेवटी म्हणाली, "पोरी, त्यांच्याजवळ मी कोणत्या तोंडानं जाऊ?" तिला कुंपणाकडेला पुरलं. मलाही तिथेच पुरा. मी गप्प बसले असते तर बाबांची ती बदनामी मालकाच्या तोंडी राहिली असती. आता ती आईच्या तोंडी राहिली. बाबांना एकटंच राहू द्या.

सही : हेस्टर क्लेग
आमच्यासमक्ष, वाचून दाखवून :
रेव्हरंड एनॉक शटलवर्थ
टॉमस ऑर्मेरॉड, विणकर
फॉल रिव्हर, ९ फेब्रुवारी १९२९