ओटी भरल्यावरचा मुक्काम

मंगळवार, दिवेलागण. चौक

लग्नानंतर ह्यांच्यासंगं ह्याच खानावळीच्या खोलीत उतरले होते. मऊ गादीवर लोळून किती हसलो. आज परत तीच गादी, पण ह्ये नायत, संगं फकस्त तान्ही पोर. सासरची बैलगाडी इथं न्यायला येणार होती, आलीच नाय. पोरीचं अंग तापलंय, दूध ओढत नाय. माहेर तर शेतापलीकडंच हाय. पण ओटी भरून निघालेल्या लेकीनं त्याच दिवशी माघारी जायचं नाय. कोणी काढली असली रीत? परत हात लावला. तापलेलीच हाय.

खानावळवाली मावशी म्हणाली, "येडे, बंदी तुला हाय. तुझ्या आईला कुनी अडवलंय गं?"

मावशीच आईला आणायला गेलीय. खोलीत आमी दोघीच. रड गं बाय, आजी येईस्तोवर रडत राहा. गप झालीस की मला भ्या वाटतं.