बेशुद्ध माणसाने मदत करू नये

साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करून घेतो, पुढे राहून जाईल. ताईंचा खोकला गेला असावा. आम्ही दोघं बरे आहोत. तुमची मेहुणी परीक्षेत नापास झाली. कारण मी.

तिला बंदरावरच्या बचाव पथकात जागा मिळते आहे, पण पाणबुड्याला वाचवण्याची परीक्षा पास झाली तरच. त्या परीक्षेला एक बेशुद्ध पाणबुड्या लागतो आणि तो उमेदवारानेच आणायचा असतो. (फॉर्मवर तसा रकाना आहे. तिनं मला न विचारता माझं नाव भरलं. मी हौशी पाणबुड्या, शिवाय घरचा.) सरावाचा तलाव पाच मीटर खोल. मी तळाशी पालथं पडायचं. तिनं मला उताणं करून माझ्या जॅकेटात बटणाने थोडी हवा भरायची आणि सावकाश वर न्यायचं. जॅकेटात हवा भरली की माणूस वर जातो, सोडली की खाली. वर जाताना आतली हवा फुगते, म्हणून ती थोडी थोडी सोडत राहावी लागते. नाहीतर माणूस बुचासारखा उसळतो, आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसांचं काही खरं नसतं. हे सगळं मला पाठ आहे. (पाठ नसतं तर बरं झालं असतं.)

तिनं मला पकडलं अगदी व्यवस्थित. आम्ही निघालो. मी डोळे मिटून होतो. मग वाटलं, सकाळपासून बिचारीच्या पोटात काही नाही, आणि माझ्या कमरेला बुडण्यासाठी बांधलेलं आठ किलो शिसं. नुसतं लोंबकळत जाणं बरं दिसेना. तिच्या जॅकेटचं बटण माझ्या हाताशीच होतं. ते दाबलं. जरा जास्त दाबलं गेलं.

आम्ही कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळलो. परीक्षकबाईंनी घड्याळ बघितलं. "बेशुद्ध माणसाने मदत करू नये," एवढंच म्हणून त्यांनी लाल शेरा मारला. चूक माझी आहे, असं मी सांगू लागलो, तर म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. तुमचा श्वास अजून सुरू झालेला नाही."

घरी आल्यावर तिनं ओला टॉवेल वाळत टाकला. मग म्हणाली, "तुला नुसतं पडून राहायचं होतं. तेवढंही जमू नये?" रविवारी शेवटची संधी आहे. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
(शुद्धीवर असलेला) साडू

ता. क. रविवारी बेशुद्ध व्हायला तुम्ही याल का? पाणबुड्याचा कोर्स तुम्ही केलेला आहे आणि गुडघ्याचं यात काही काम नाही. बाकी पात्रता मी वीस वर्षं बघतो आहे: जेवणं होऊन भांडी वाजू लागली की तुमची पापणी हलत नाही.

ता. क. २. हे पत्र तिनं वाचलं. "भाऊजी नकोत," म्हणाली. "त्यांना पाण्याखाली खरंच काही झालं तर मला कळणार कसं? तुझं लगेच कळतं." तेव्हा येऊ नका, मीच जातो. हाताची बोटं एकमेकांत अडकवायची आणि मनात शंभरपासून उलटं मोजायचं, असं ठरलं आहे. आत्ताच खोलीत सराव झाला. तिनं मला काखेत धरून दारापर्यंत ओढत नेलं. मी बहात्तरपर्यंत आलो होतो. तेवढ्यात तिच्या पायात चप्पल येऊ लागली, ती मी पायानेच बाजूला सारली. तिला दिसलं नसावं.