टाळीनंतरची बारा मिनिटं

मी, कागदोपत्री वय अठ्ठ्याहत्तर (खरं माझ्या आईला ठाऊक, आणि ती आता सांगायला नाही), हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं इस्त्री करून निवृत्त झालेली बाई, माझ्या पश्चात काय कुणाचं ते आज सांगून ठेवते. डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी सकाळी येऊन तसा दाखला दिला. त्यांनी वार विचारला तो मी सांगितलाच, वर त्यांच्या कॉलरची इस्त्री उलट्या बाजूने झाली आहे हेही सांगितलं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि खालच्या मजल्यावरचे भाऊजी लिहितात. भाऊजी कोर्टातले निवृत्त कारकून आहेत. माझे शब्द धुऊन, नीळ घालून लिहायची त्यांना खोड आहे. मी ताकीद दिली आहे की मळ माझा आहे, राहू द्या. माझ्यावर कुणी जोरजबरदस्ती केलेली नाही. ती करू पाहणारा एकच माणूस या घरात होता, त्याला जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्यालाही ते कधी जमलं नाही.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, थोरल्या मुलाला. खिडकीची कडी आधी वर उचलावी आणि मग ढकलावी. तो नुसती ओढतो आणि खिडकीला शिव्या देतो. पन्नाशी आली तरी त्याला कळलेलं नाही, म्हणून लेखी देते.

कलम २. माझी जड इस्त्री सुनेला. ती म्हणेल, "आता हे धूड कशाला?" सूनबाई, तुमच्या नव्या इस्त्रीने कपडे गरम होतात, सरळ होत नाहीत.

कलम ३. बँकेतली पुंजी नातीच्या शिक्षणासाठी. नात म्हणजे थोरल्याची मुलगी, आमची भिंगरी.

कलम ४. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना माझी कानांवर लावायची, आवाज अडवणारी जाड टोपणं. माझं गाणं सुरू झालं की त्या काठीने जमीन ठोकतात. नऊ वर्षं ठोकत आहेत आणि एकदाही तालात नाही.

कलम ५. तबकड्या. एकूण दोनशे बारा. या माझ्या धाकट्या मुलीच्या. ती ड्रम वाजवायची, हेवी मेटलच्या बँडमध्ये, मुलांपेक्षा जोरात. मी तिला म्हणायची, "अगं, भांडी पडल्यासारखं काय वाजवतेस?" ती म्हणायची, "आई, भांडी पडतात तेव्हा तू बरोबर ओळखतेस ना कुठलं पडलं? तसंच ऐक." तेव्हा ऐकलं नाही. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की एक दिवस कुठलीशी तबकडी उचलली आणि लावली. दोन दिवस डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी त्या गोंगाटाच्या तळाशी बेस ऐकू आला, ओल्या चादरीसारखा जड, आणि मग हळूहळू बाकीचं सगळं त्याच्यावर नीट घडी घालून ठेवलेलं दिसायला लागलं.

मी नावं वाचू शकत नाही, कव्हरांवरून ओळखते. पांढऱ्या खुर्चीची तबकडी आजारपणात लावू नये. तिच्यात शेवटी गिटार एकटीच उरते आणि माणसाला उगाच वाटतं की आपणही. जळत्या शेताची लावावी, सकाळी, काम असताना. तिच्यातला गायक ओरडतो असं सगळे म्हणतात. तो ओरडत नाही. श्वास पोटातून ढकलतो. डॉक्टरांना मी विचारलं, याचा घसा सुजत कसा नाही? ते म्हणाले, शिकावं लागतं. मग शिकलेल्या माणसाला ओरडतो म्हणू नये. लाल जिन्याच्या तबकडीत ताल पाच, पाच, सात असा जातो. मी बोटांच्या पेरांवर मोजते. भिंगरीलाही येतं. पुढेमागे तिचे मित्र म्हणतील की हे गाणं फार लांब आहे, तर त्यांना म्हणावं, बसा किंवा जा.

धाकटीच्या मित्रांनी नंतर मला कार्यक्रमांनाही नेलं. आवाज जुळवणारा मुलगा त्याच्या टेबलाशेजारी मला खुर्ची देतो. समोर पाचशे पोरं काळ्या कपड्यांत उड्या मारतात, आणि एखादं पडलं की चार जण आधी त्याला उचलतात, मग उडी मारतात. एवढी माणुसकी मी हॉस्पिटलात पाहिली नाही.

तर या सगळ्या तबकड्या भिंगरीला. अट एकच. बाजू लावली की संपेपर्यंत ऐकायची.

कलम ६. या दोनशे बारांत न मोजलेली एक तबकडी. कव्हर कोरं. ती धाकटीच्या शेवटच्या मोठ्या कार्यक्रमाची आहे. बावीस मिनिटांची एकच रचना, तिनेच बांधलेली. तो तिचा पहिला कार्यक्रम, ज्याला मी गेले. थोरला मला घेऊन गेला होता. रविवारची दुपार होती, सभागृह भरलेलं. दहा मिनिटं झाली आणि सगळी वाद्यं एकदम थांबली. मला वाटलं, संपलं. पोरीचं कौतुक म्हणून मी उठले, जोरात टाळी वाजवली. आख्ख्या सभागृहात माझी एकटीची टाळी. लोक वळून बघायला लागले. ती गप्प जागा रचनेतलीच होती हे मला कुठून कळणार! मी लाजून दाराबाहेर गेले आणि मिळेल ती बस पकडली.

दुसऱ्या दिवशी बँड गावोगावच्या दौऱ्यावर निघाला. तिचा एकदाच फोन आला. मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी..." ती घाईत होती. म्हणाली, "आई, आल्यावर बोलू." सहाव्या दिवशी त्यांची गाडी घाटात उलटली. बाकीचे वाचले.

हॉस्पिटलच्या पायरीवर थोरला मला म्हणाला, "तू उठून गेलीस आणि तिथून तिचा हात बिघडला. शेवटपर्यंत सावरला नाही." हे वाक्य मी नऊ वर्षं जपलं आहे. बँडमधला गिटारवाला, आम्ही त्याला दाढी म्हणतो, त्याने ही नमुन्याची तबकडी मला आणून दिली. अल्बम काढायला धाकटीच्या जागी माझी परवानगी लागते. तो दर वर्षी कागद घेऊन येतो, म्हणतो, "आजी, फार सुंदर वाजवलंय हो तिनं." मी त्याला चहा पाजून परत पाठवते. पोरगा भला आहे, मला वाईट वाटू नये म्हणून बोलतो. टाळीपर्यंतची दहा मिनिटं मी कितीदा तरी ऐकली. टाळी आली की सुई उचलते.

तेव्हा मी असं ठरवते की ही तबकडी माझ्याबरोबर जाळावी आणि तिचा अल्बम कधीही निघू नये. कारण, माझ्यामुळे माझ्या मुलीचा हात बिघडला, आणि तो बिघडलेला हात जगाने ऐकू नये.

(इथे भाऊजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "वहिनी, हात बिघडलेला तुम्ही ऐकलात?"

"नाही."

"मग हे मी लिहिणार नाही. चाळीस वर्षं कोर्टात काढली. ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहीत नाही."

"तुम्ही लिहिणारे की न्यायाधीश?"

"लिहिणाराच. म्हणून तर."

ते कारण आणि हे भांडण, सगळं जसंच्या तसं लिहाच, असं नंतर मीच त्यांना सांगितलं आहे.)

मी रागावले. पण म्हातारा हलेना. शेवटी भिंगरीला म्हटलं, लाव. थोरला दाराशी उभा होता, त्याचा चेहरा उतरला. दहा मिनिटं झाली, टाळी आली, दार आपटल्याचा आवाज आला. भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चालू राहू दे.

ती शांतता मी पेरांवर मोजली. धाकटीने अकराव्या पेराला ड्रमवर काठी मारली, आधी नाही, उशिरा नाही. मग बारा मिनिटं. हात कुठे अडला नाही. गिटार वाट चुकली तेव्हा हिने तिला धरून आणलं. मला वाटत होतं तिच्या वाजवण्यात रुसवा तरी ऐकू येईल. काही नव्हतं. मी गेले हे तिच्या ध्यानातही नसेल. ती कामात होती.

थोरला खाली बसला. म्हणाला, "आई, मी आत नव्हतो. तुझ्या मागे बाहेर आलो, तू बसमध्ये चढलीस, कार्यक्रम संपेपर्यंत मी फाटकाशीच होतो. नंतर कुणावर तरी राग काढायचा होता गं."

मी म्हटलं, "म्हणजे दोघंही बाहेरच."

तो रडला. मी त्याला लगेच जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने घेतलं.

कलम ७. कलम ६ मधला जाळण्याचा व मनाईचा भाग रद्द. दाढीला परवानगी आहे, ती मी मरायची वाट न पाहता आजपासून आहे. थोरला त्याला फोन करतो आहे. टाळी ठेवायची की पुसायची हे दाढीने ठरवावं, ते त्याचं काम. कव्हरावर रचना कुणी बांधली ते मोठ्या अक्षरांत लिहावं. मला वाचता येणार नाही, पण भिंगरी बोट ठेवून दाखवेल.

तिचं सगळ्यात चांगलं काम मी नऊ वर्षं कपाटात कोंडलं, आणि तिला सांभाळते आहे असं समजले. याची भरपाई कुठल्या कलमात बसत नाही, असं भाऊजी म्हणतात. मी त्यांना म्हटलं, मग तसंच लिहा.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे, मळासकट.

डाव्या हाताचा अंगठा: लिहून देणाऱ्या बाईचा

लेखनिक: खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून (सही)

साक्षीदार १: डॉक्टर, कॉलर सरळ करून परत आलेले (सही)

साक्षीदार २: धुलाईघरातली माझी जोडीदारीण (अंगठा)

ठिकाण: राहत्या घरातली खिडकीकडची खोली

दिनांक: सतरा नोव्हेंबर, दुपारी चार. भिंगरी तबकडी पहिल्यापासून लावते आहे.