लोहाजीची छत्तीस कूपने

६ जानेवारी १९८५, रविवार

ही रोजनिशी खासगी आहे. कपाटाला कुलूप लावले आहे. किल्ली शैलाकडे असते, पण तिला माझ्या लिखाणात रस नाही.

सीबीएस बसस्थानकातल्या स्टॉलवरून ‘यंत्रमानव लोहाजी’ या चित्रकथा-मासिकाचा पस्तिसावा अंक आणला. स्टॉलवाल्याने नेहमीप्रमाणे विचारले, मुलांसाठी का. मी नेहमीप्रमाणे हो म्हणालो. वास्तविक आमची गोदा बारा वर्षांची आहे आणि तिला लोहाजी पोरकट वाटतो. पण पाणीपुरवठा खात्यातल्या सीनियर क्लार्कने स्टॉलवाल्याला काय काय समजावत बसायचे?

मोठी बातमी. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला जे कूपन असते, त्याचा उपयोग आज कळला. अंक १ ते ३६ ची सर्व कूपने १५ मार्चपर्यंत पाठवायची. पूर्ण संच पाठवणाऱ्यांतून एक जण निवडणार, निकाल एकोणचाळिसाव्या अंकात. चाळिसाव्या अंकात त्याचे नाव आणि चित्र. लोहाजीचा पृथ्वीवरचा मित्र म्हणून, सलग आठ पाने.

अठरा वर्षांच्या नोकरीत माझे नाव छापून आले ते एकदा, बदलीच्या यादीत. मला हे हवे आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार हवे आहे.

तशी स्पर्धा नावापुरतीच. पहिल्या अंकापासून एकही न चुकवता, विकत घेऊन, खाकी कव्हर घालून, डांबरगोळ्यांसकट ठेवणारा महाराष्ट्रात दुसरा असेल असे वाटत नाही.

१३ जानेवारी, रविवार

लोहाजी रसिक मंडळाची, नाशिक जिल्हा, मासिक सभा आमच्या घरी. अध्यक्ष मी. उपस्थिती दोन. दुसरा गोरक्ष, आमच्या मनमाड शाखेचा प्रमुख. शाखेत तो एकटाच आहे.

गोरक्ष मनमाडच्या यार्डात गाड्यांचे डबे झाडतो. प्रवासी बाकावर टाकून गेलेले अंक गोळा करतो. एकोणिसाव्या अंकात त्याचे पत्र छापून आले तेव्हा मीच त्याला शोधून काढून सभासद केले. मला भाऊसाहेब म्हणतो. माणूस चांगला, अभ्यास कमी.

आज त्याने विचारले, चोविसाव्या अंकात वसाहत जळताना लोहाजी चार पाने गप्प का उभा राहतो, त्याला वाईट वाटलं असंल ना. मी समजावले की यंत्रमानवाला वाईट वाटत नाही, तो बॅटरीचा प्रश्न आहे, संपादकांना मी तसे कळवलेही आहे. शैला चहा घेऊन आली होती, ती म्हणाली की गोरक्षभाऊंचे बरोबर वाटते. सभासद नसलेल्यांनी चर्चेत भाग घेऊ नये असा ठराव मांडला. गोरक्ष तटस्थ राहिला.

जाताना त्याने सांगितले की त्याचाही संच होत आला. सतरावा तेवढा राहिला होता, तो परवा भुसावळच्या गाडीत वरच्या बर्थवर मिळाला, लय आनंद झाला. मी अभिनंदन केले. मात्र सापडलेला अंक हा संग्रहात धरत नाहीत, हेही स्पष्ट केले. तो बरं म्हणाला.

४ फेब्रुवारी, सोमवार

छत्तिसावा अंक आला. संच पूर्ण.

आता प्रश्न कूपन कापण्याचा. कात्री हातात घेतली, पहिला अंक उघडला, हात चालेना. तीन वर्षे जपलेल्या अंकाला भोक पाडायचे? ते सामान्य वाचकाने करावे.

दुपारी ऑफिसात मार्ग सुचला. कूपने कापायचीच नाहीत. छत्तीस अंकांचा एक ग्रंथ बांधून घ्यायचा, लाल कापडी, सोनेरी अक्षरांचा, आणि तो अख्खा रजिस्टर पार्सलने संपादकांना पाठवायचा. ग्रंथ पाहिल्यावर निवड करायला त्यांच्याकडे काही उरणारच नाही. ग्रंथ ते सन्मानाने परत पाठवतीलच.

ऑफिसात चाळिसाव्या अंकाबद्दल मोघम सांगून ठेवले. हेडक्लार्क म्हणाले, वा.

७ फेब्रुवारी, गुरुवार

अंक मेन रोडजवळच्या धोंडीराम बाइंडरकडे दिले. ऑफिसचे दिवाळी अंक तोच बांधतो. त्याने विचारले, कसे बांधू. मी म्हणालो, दिवाळी अंकांचे करता तसेच, फक्त जास्त चांगले. तो म्हणाला, काळजी नको.

संकल्प. चित्रासाठी फोटो मागवतील, तेव्हा (१) रोज पहाटे गोदाघाटापर्यंत चालणे, (२) पोट कमी, (३) चष्म्याची नवी फ्रेम.

८ फेब्रुवारी

थंडी. संकल्प सोमवारपासून.

११ फेब्रुवारी, सोमवार

फ्रेम घेतली. बाकीचे दोन उद्यापासून.

२० फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ६

ग्रंथ आला. अप्रतिम. लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘लोहाजी १ ते ३६’ आणि खाली उ. ग. चांदवडकर. गोदासुद्धा म्हणाली, छान आहे.

तोच दिवस, ६.२०

ग्रंथात कव्हरे नाहीत.

एकही नाही. छत्तीस अंक, मध्ये एकही कव्हर नाही, म्हणजे मागची बाजू नाही, म्हणजे कूपन नाही.

७.१५

धोंडीरामकडे जाऊन आलो. तो शांत होता. म्हणाला, दिवाळी अंकांची कव्हरे आणि जाहिराती काढूनच बांधतात, नाहीतर ग्रंथ फुगतो, पाठ धरत नाही. तुम्हीच म्हणालात तसेच करा. हे खोटे नाही, ऑफिसचे अठरा वर्षांचे ग्रंथ तसेच आहेत, आणि पावत्यांवर सही माझीच आहे. वर म्हणाला, तुमचे जास्त चांगले केले, कव्हराचा एक तुकडासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

कव्हरे कुठे आहेत विचारले. जाड चकचकीत कागद असतो, तो साळूबाई नेतात, पाकिटे करायला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धा दिवस रजा. कारण लिहिले, पोटदुखी.

साळूबाई भद्रकाली भागात सापडल्या. हाताने पाकिटे चिकटवत होत्या. म्हणाल्या, माणूस पोलादाचा आणि डोळे लाल, तीच ना चित्रं, लय मजबूत पाकिटं झाली. सगळी एका चिवडेवाल्याने घेतली.

चिवडेवाल्याने पाकिटे नुसती द्यायला नकार दिला. त्याच्या मते तो चिवडा विकतो. माल भरलेला आहे, रिकामा कसा करणार? मुद्दा त्याच्या बाजूने बरोबर होता, म्हणून वाद वाढवला नाही. अकरा पाकिटे घेतली.

२४ फेब्रुवारी, रविवार

एकूण पाकिटे सव्वीस. कूपने पाच. त्यातले एक तेलात पारदर्शक झाले आहे, दोन्ही बाजूंनी वाचता येते. दोन अर्धीच आहेत.

घरात तिन्ही वेळा चिवडा. शैला चिवड्यावर कांदा चिरून देते.

रजेच्या अर्जातले कारण आता खरे झाले आहे.

१ मार्च, शुक्रवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की मंडळाचा संच एकच असायला हवा. गोरक्षचा संच हा शाखेचा, म्हणजे पर्यायाने मंडळाचा, म्हणजे अध्यक्षांच्या ताब्यात असणे योग्य. मी तो पुराभिलेखासाठी, म्हणजे मंडळाच्या दप्तरात जपायला, मागून घेणार. त्यातून कूपने कापली तर संचाचे नुकसान नाही, कारण तो तसाही सापडलेला आहे.

यात लबाडी नाही. त्याला नंतर सांगेन. कदाचित चित्रात मागे उभा करता येतो का तेही विचारेन.

३ मार्च, रविवार

सकाळच्या पॅसेंजरने मनमाड. गोरक्षने घरी नेले. एक खोली, पण कोपऱ्यात लाकडी खोक्यात अंक नंबरवार. काहींची पाने निघालेली, ती त्याच्या आईने सुईदोऱ्याने शिवली आहेत. त्या मातोश्री, विठाबाई, यांना वाचता येत नाही, पण गोष्ट सगळी पाठ आहे. मला म्हणाल्या, तुमचं नाव रोज निघतं बरं का घरात.

पुराभिलेखाचे बोललो. गोरक्ष म्हणाला, भाऊसाहेब, सगळे न्या की, त्यात काय इचारायचं, पर कूपनं कापून धाडली पण, बुधवारी.

सगळी? सगळी छत्तीस.

मला बसायला पाट दिला होता, त्यावरून उठलो. तो म्हणाला, एक सांगायचं व्हतं तुमाला, गंमत हाय. मी म्हणालो, गंमत वगैरे नंतर. अध्यक्षांना न विचारता शाखेने परस्पर पत्रव्यवहार करू नये असा नियम आहे, हे त्याला सविस्तर सांगितले. नियम तिथेच केला. त्याने पुन्हा तोंड उघडले, मी पुन्हा सांगितले. मग तो हसला आणि म्हणाला, ऱ्हाऊ द्या, निकालाला कळंलच.

हसला. मला.

परतीच्या गाडीत एका बाकावर कुणीतरी लोहाजीचा तिसावा अंक टाकून गेले होते. हात लावला नाही.

६ मार्च, बुधवार

तीन दिवस झोप नीट नाही. हा प्रश्न माझा वैयक्तिक नाही, तत्त्वाचा आहे. जो पैसे देऊन अंक घेतो तोच रसिक. उद्या कोणीही झाडू घेऊन उठेल आणि आठ पाने मिळवेल.

संपादकांना पत्र लिहिले. संयमी भाषा. मनमाडहून आलेल्या संचातील कूपने रेल्वेच्या डब्यांतील केरातून गोळा केलेली असून, रसिक मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी त्यास हरकत घेतो. व्यक्तीचे नाव घेतले नाही. मनमाडहून दुसरा संच जाणार कोणाचा? बदनामी माझ्या स्वभावात नाही.

शैलाने विचारले, कोणाला लिहिता आहात. म्हटले, ऑफिसचे. ती म्हणाली, ऑफिसचे पत्र तुम्ही एवढ्या आवडीने कधी लिहिले नाही.

१० मार्च

आज सभेचा दिवस. गोरक्षला बोलावले नाही. उपस्थिती एक. कामकाज लवकर उरकले.

१५ मार्च, शुक्रवार

मुदत संपली. माझी पाच कूपने पाठवली नाहीत. तेलाचे एक पाठवून हसे करून घेण्यापेक्षा मोठेपणाने बाजूला होणे बरे. हेडक्लार्कनी चौकशी केली. सांगितले, निवड समितीशी माझे मतभेद आहेत. ते म्हणाले, वा.

५ मे, रविवार, सकाळी

काल संपादकांचे पत्र आले. टाइप केलेले, लेटरहेडवर. लेटरहेडवर लोहाजी. वाचण्याआधी देवापुढे ठेवले. मग वाचले. इथे उतरवून ठेवतो.

आपल्या ६ मार्चच्या पत्राबद्दल आभारी आहोत. पूर्ण संच फक्त नऊ आले. त्यांत मनमाडचा टपालशिक्का असलेला संच समितीने एकमताने पहिला ठरवला होता. सोबतच्या चिठ्ठीत, वसाहत जळताना लोहाजी गप्प का राहिला यावर चार ओळी होत्या, त्या आमच्या चित्रकारांना फार भावल्या. परंतु आपल्यासारख्या ज्येष्ठ रसिकाने हरकत घेतल्यामुळे तो संच बाद करून सांगलीचा संच निवडला आहे. आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे आवश्यक वाटते. बाद केलेला संच श्री. उपेंद्र ग. चांदवडकर, अध्यक्ष, नाशिक, या नावाने व पत्त्याने आला होता. आपल्या नावाचा कोणीतरी गैरवापर करत आहे. सावध राहावे.

चार वेळा वाचले. मजकूर बदलत नाही.

तोच दिवस, ११.३०

गोरक्ष आला. सुट्टी टाकून, पहिल्या गाडीने. एकोणचाळिसावा अंक त्याने या वेळी स्टॉलवरून विकत घेतला होता, निकालासाठी. सांगलीचे नाव पाहून त्याला धीर धरवेना.

त्याने सगळे सांगितले. म्हणाला, माझं चित्र काढून कोण बघणार भाऊसाहेब, मंडळ तुमचं, पत्रं तुमी ल्हिता, म्हणून तुमच्या नावानं धाडलं. आईच म्हणाली, त्यांच्याच नावानं धाड. निकालापर्यंत सांगायचं नव्हतं, पर त्या दिवशी ऱ्हावलं नाय, सांगाय गेलो तर तुमी बोलत व्हते.

मी बोलत होतो. आठवते.

मी नव्या फ्रेमचा चष्मा काढून पुसत बसलो. त्याला वाटले मला निकालाचे दुःख झाले आहे. तोच माझी समजूत घालू लागला. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पत्र टेबलावर उघडे होते आणि ती पत्राकडे बघत होती. मग आत गेली आणि त्याच्यासाठी पोहे टाकले.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होतो, मिळाला नाही.

पत्र घडी करून खिशात घातले. त्याला सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात तोच म्हणाला, आपला संच एवढा पुरा व्हता, मंग गेला कसा? कुणीतरी आपल्या वाईटावर हाय भाऊसाहेब. तुमी संपादकाला एक कडक पत्र ल्हा. तुमच्यावानी कुणाला जमत नाय.

मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

आता तो समोर खुर्चीवर पोहे खातो आहे. त्याला वाटते आहे की मी पत्राचा मसुदा लिहितो आहे. मधूनच विचारतो, झालं का. मी म्हणतो, होत आलं.